म्हातारपणाचे गाव आणि कोसाडचा तिसरा मजला



भात झोडून झाले, उसाची तोड उरकली की आपल्याकडील कित्येक घरांत एक बोलणे निघते. गावी आईबाबा दोघेच राहिले आहेत, मुलगा आणि सूनबाई सुरतेला कोसाडात आहेत, तर म्हाताऱ्यांना तिकडेच घेऊन जावे. मुलाचा हेतू चांगलाच असतो. नवापूर-नंदुरबारकडून तापी खोऱ्याच्या गाडीने उधना, तेथून कोसाड. सोबत एक गाठोडे, नागलीच्या पिठाची पिशवी आणि पवित्र माळ. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत खिडकीशी खाट टाकली जाते. पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात. सहा महिन्यांनी विचारावे तर उत्तर मिळते, "बाबा आता खाली उतरत नाहीत, पाय धरतात." वर्षाने ते न्हाणीतही कोणाच्या तरी हाताला धरून जातात. गावी हाच मनुष्य रोज दोन वेळा बांधावर जाऊन येत होता आणि म्हशीची धारही स्वतः काढत होता.

त्याला कोणता रोग झाला? बहुतेक वेळा कोणताच नाही. त्याचे चालणे, काम आणि गप्पांचा ओटा, तिन्ही एका दिवसात सुटले, एवढेच झाले. या महिन्याच्या पानावर आम्ही हाच विषय घेत आहोत. परदेशात आणि आता आपल्या पुण्या-मुंबईकडेही वृद्धांसाठी वेगळी वसलेली गावे आहेत. तेथे राहणाऱ्यांची प्रकृती चांगली राहते असे आढळते. ती कशामुळे राहते, आणि पैसा न खर्चता त्यातले काय आपल्याला कोसाडात उभे करता येईल, हे पाहू या.

कोसाडविषयी दोन शब्द. तापीच्या उत्तरेचे हे जुने शेतीचे गाव २००६ साली सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तापीला महापूर आला. पुढच्या काळात नदीकाठच्या आणि शहरातल्या झोपडपट्ट्यांतील कुटुंबांसाठी येथे आवासांच्या इमारतींच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. खानदेशी, डांगी, उडिया, उत्तर भारतीय अशी सर्व तऱ्हेची कष्टकरी माणसे तेथे शेजारी शेजारी राहतात. घर पक्के आहे, नळ आहे, वीज आहे. पण जिना चढून राहण्याची सवय आपल्या शेतकरी म्हाताऱ्यांना नाही, आणि त्यांच्या दुखण्याला तेथूनच सुरुवात होते.

पाचशे वर्षांचे एक गाव

वृद्धांचे गाव ही कल्पना नवी आहे असे कोणी समजू नये. जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरात याकोब फुग्गर नावाच्या एका धनाढ्य कॅथलिक व्यापाऱ्याने १५२१ साली गरीब, कष्टाळू कॅथलिक नगरवासीयांसाठी एक वस्ती स्थापन केली. तिला फुग्गेराय म्हणतात. ती आजही आहे आणि आजही तेथे सुमारे दीडशे माणसे राहतात. त्यांत वृद्ध पुष्कळ आहेत. वर्षाचे भाडे पूर्वीच्या एका गुल्डन नाण्याइतके, म्हणजे आजचे ०.८८ युरो. आपल्या पैशांत वर्षाला शंभर रुपयांच्या आसपास! त्याबदल्यात प्रत्येकाने दररोज एक 'हे आमच्या बापा', एक 'नमो मरिया' आणि एक श्रद्धेचा अंगीकार संस्थापकाच्या घराण्यासाठी म्हणावयाचा असतो. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली बॉम्बवर्षावात ही वस्ती बेचिराख झाली होती. ती पुन्हा पहिल्यासारखी बांधून काढली.

तेथल्या बांधणीकडे शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले तर नवल वाटते. घरे बैठी, दुमजली. तळच्या बिऱ्हाडाला छोटी बाग. वरच्या बिऱ्हाडाचा दरवाजाही स्वतंत्र, थेट रस्त्यावर उघडणारा, म्हणजे कोणाच्या घरातून जावे लागत नाही. रस्त्यावर दिवे नव्हते त्या काळी अंधारात आपले दार हाताने चाचपून ओळखता यावे म्हणून प्रत्येक दाराच्या घंटेची मूठ निराळ्या आकाराची केली होती, असे सांगतात. म्हाताऱ्या डोळ्यांची इतकी काळजी आजचे इमारत बांधणारेही घेत नाहीत. वस्तीतच चर्च आहे. फाटक रात्री दहाला बंद होते आणि उशिरा येणाऱ्याला थोडा दंड भरावा लागतो. (हा नियम कोसाडच्या काही तरुणांसाठीही चांगला आहे, पण तो विषय वेगळा.)

आता दुसरे गाव. लंडनचे एक मोठे दुकानदार विल्यम व्हाइटली १९०७ साली मरण पावले. त्यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या दहा लक्ष पौंडांतून सरे परगण्यात गरीब वृद्धांसाठी एक गाव वसले आणि १९१७ साली पहिले रहिवासी आले. या गावाच्या जुन्या नोंदवह्या नीट राखलेल्या होत्या. २०१७ साली लंडनच्या विद्यापीठातील अभ्यासकांनी त्या तपासल्या, तेव्हा असे दिसले की येथे येऊन राहिलेल्या स्त्रिया त्यांच्यासारख्याच गरीब असलेल्या बाहेरच्या स्त्रियांपेक्षा जवळजवळ पाच वर्षांपर्यंत अधिक जगल्या. पुरुषांच्या बाबतीत फरक इतका मोठा दिसला नाही. त्याचे कारण काय असेल याचा विचार आमच्या पुरुष वाचकांनी मनाशी करावा. आम्हांला आपले वाटते की बाई नव्या ठिकाणी आठ दिवसांत चार मैत्रिणी जोडते, आणि बुवा वर्तमानपत्राआड बसून राहतात.

आपल्याकडे पुण्यात 'अथश्री' या नावाने ज्येष्ठांच्या वसाहती आहेत, माथेरानच्या पायथ्याशी नेरळला डिग्निटी संस्थेची वसाहत आहे. पाय न घसरणाऱ्या फरश्या, न्हाणीत धरावयास दांड्या, हाकेवर मदत, एकत्र जेवण, फिरावयास सपाट वाट, अशी तेथील धाटणी. पण तेथे घर घेण्यास किंवा राहण्यास पैसा लागतो, आणि तो नोकरीतून निवृत्त झालेल्या, पेन्शन असलेल्या माणसाला परवडतो. शेतकऱ्याला निवृत्तीच नसते, मग पेन्शन कोठली? म्हणून त्या वसाहतींची चित्रे पाहून उसासे टाकू नयेत आणि त्यांना नावेही ठेवू नयेत. त्यांच्या विटा आपल्या आवाक्याबाहेरच्या असल्या तरी त्यांची रीत उचलता येते.

गरिबांची रीत हवी असेल तर ती आपल्याच ख्रिस्तसभेत आहे. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील सेंट-सर्वां गावी १८३९ च्या हिवाळ्यात झान जुगान नावाच्या एका गरीब, मोलकरणीचे काम केलेल्या बाईने एका आंधळ्या, लुळ्या पडलेल्या वृद्धेला आपल्या घरी आणले आणि आपला स्वतःचा बिछाना तिला दिला. त्यातूनच 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' हा धर्मभगिनींचा संघ निघाला. भगिनी टोपली घेऊन दारोदार मागत आणि वृद्धांना जेवू घालीत. १८८२ साली त्या कलकत्त्यास आल्या. मुंबईस अंधेरीलाही त्यांचे वृद्धगृह आहे. २००९ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी झान जुगान यांना संतपद दिले. आरंभी त्यांच्यापाशी ना जमीन होती ना इमारत. एक बिछाना होता, आणि तोही वरच्या मजल्यावरचा अपुरा पडू लागला तेव्हा त्यांनी तळमजल्याची जागा शोधली.

पाय का जातात

आता शरीराकडे वळू. वय वाढले की स्नायू झिजतात हे खरे, पण बसून राहण्याने ते जितके झिजतात तितके वयाने झिजत नाहीत. अमेरिकेत निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस बिछान्यावर ठेवून पाहिले (हा प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला), तेव्हा त्यांच्या पायांतील सरासरी सुमारे एक किलो मांस कमी झाले. दहा दिवसांत एक किलो! बैलाला दहा दिवस गोठ्यात बांधून ठेवला तर तो औताला कसा चालेल हे आपण जाणतो. म्हणून "बाबा, तुम्ही आयुष्यभर कष्ट केले, आता नुसते बसा" हे बोलणे प्रेमाचे असले तरी औषध म्हणून वाईट आहे.

पाय सुटले की माणूस पडतो. पासष्टीच्या पुढे दर तीन-चार जणांत एक जण वर्षाकाठी एकदा तरी पडतो असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. खुब्याचे हाड मोडले तर शेतकरी कुटुंबाचे एक वर्षाचे पीक त्यात जाते आणि पुष्कळदा माणूसही पुन्हा पहिल्यासारखा चालत नाही. मात्र तोल सांभाळण्याचे आणि पायांच्या ताकदीचे व्यायाम नेमाने केले तर पडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटते, हे अनेक देशांतील प्रयोगांतून सिद्ध झाले आहे. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. हात छातीशी धरून खुर्चीवरून उठावे आणि बसावे. प्रथम पाच वेळा, मग दहा. भिंतीला एक हात टेकून एका पायावर उभे राहावे, दहापर्यंत मोजावे, पाय बदलावा. बांधावरून चालताना टाचेपुढे टाच ठेवतो तसे खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालावे, शेजारी कोणीतरी असावे. छातीत दुखणे, दम लागणे, चक्कर यांपैकी काही झाले तर थांबावे आणि डॉक्टरांना सांगावे.

घरी एक परीक्षा घ्या. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसण्यास पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील, तर त्या व्यक्तीचे पाय मदत मागत आहेत असे समजावे. अशी व्यक्ती अजून पडलेली नसेल, पण तिला पडण्याचा धोका जास्त आहे.

न्हाणी हे घरातील सर्वांत धोक्याचे ठिकाण. साबणाचे शेवाळ आठवड्यातून दोनदा घासावे. भिंतीत लोखंडी दांडी पक्की बसवावी. टॉवेल वाळत घालण्याची दांडी धरून उठू नये, ती निखळते. खाली बसून उठणे जड जात असेल तर खुर्चीसारखा संडासाचा सांगाडा मिळतो तो आणावा, त्यात लाज कसली? रात्री लघवीला उठणाऱ्यासाठी वाटेत छोटा दिवा जळत ठेवावा. सैल चपला टाकून द्याव्यात. झोपेतून उठल्याबरोबर उभे राहू नये, खाटेच्या कडेला बसून वीस आकडे मोजावेत, कारण रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याचा दाब एकदम उठताना खाली जातो. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया लांबवू नये. पायरीची कड न दिसणे हेही पडण्याचे कारण असते.

आणि तिसरा मजला? येथे आम्ही स्पष्ट बोलू. ज्या घरी सत्तरीपुढचे माणूस येणार आहे त्यांनी तळमजल्याची अदलाबदल होते का हे आधी पाहावे. तळमजल्यावर तरुण जोडपे असेल तर काही काळासाठी भाड्याने अदलाबदल करता येते का विचारावे, मात्र सरकारी आवासाच्या अटी वाचून आणि पालिकेच्या कार्यालयात विचारूनच. ते नाही जमले तर जिना दिवसातून एकदा सकाळी उतरायचा आणि एकदा चढायचा, असा नेम ठेवावा. कठड्याला हात, सोबत नातू, आणि प्रत्येक मजल्यावर टेकण्यास एक पाट किंवा स्टूल. शेजाऱ्यांनी त्या स्टुलावर कुंड्या ठेवू नयेत.

ताट आणि माणसे

एकट्याने जेवणारे म्हातारे माणूस चहा-बिस्किटावर दिवस काढते. सून कामाला, नातवंडे शाळेत, झाकून ठेवलेली भाजी तशीच राहते. स्नायू टिकण्यास वृद्धाला तरुणापेक्षा जास्त प्रथिने लागतात. वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण एक ग्रॅम, म्हणजे पन्नास किलोच्या माणसास पन्नास ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात, वाटीभर घट्ट वरणात तितकेच. नागलीची भाकरी चांगली, चुन्याचे सत्त्व तिच्यात भरपूर, पण नुसती भाकरी-चटणी पुरत नाही. दात नसतील तर उसळ मऊ शिजवून घोटावी, शेंगदाण्याचे कूट घालावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. तहान कमी लागते म्हणून पाणी कमी पिऊ नये. सुरतेच्या एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात हे विशेष पाळावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिले असेल तर तेवढेच प्यावे.

वृद्धांच्या गावात सर्वांना एकाच पंगतीत जेवू घालतात. त्यात स्वयंपाकाची सोय असतेच, पण जो आज पंगतीला आला नाही त्याच्या दारावर कोणीतरी टकटक करते, हा त्याचा मोठा फायदा. माणसांची सोबत ही चैन नव्हे. २०१० साली १४८ अभ्यास एकत्र तपासण्यात आले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसे होती. ज्यांचे लागेबांधे पक्के होते त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे निम्म्याने अधिक आढळली. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकटेपणामुळे जगात दरवर्षी ८ लाख ७१ हजार मृत्यू ओढवतात असा अंदाज दिला. लूककृत शुभवर्तमानातील हन्ना संदेष्ट्री चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा होती. ती मंदिर सोडून जात नसे असे लिहिले आहे. तिची भक्ती तर होतीच, पण मंदिरात रोज शेकडो माणसे येत, तिची विचारपूस करीत, हेही आपण ध्यानात घ्यावे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी, संत योवाकीम आणि संत अन्ना यांच्या सणाच्या आसपास, आजी-आजोबांचा आणि वृद्धांचा जागतिक दिन पाळावयास सांगितले. तो दिवस आपण हारतुऱ्यांत उरकतो. त्या दिवशी कोणकोणत्या मजल्यावर कोण वृद्ध आहे याची यादी केली तर जास्त चांगले.

आमची सूचना साधी आहे. आठवड्यातून तीन दिवस, शाळा सुटण्याआधीच्या वेळी, एका इमारतीतील आणि शेजारच्या दोन इमारतींतील आठ-दहा वृद्धांनी तळमजल्यावरच्या एका घरी एकत्र जेवावे. प्रत्येकाने आपले ताट घरून आणावे, वरण मात्र एकाच पातेल्यातले, पाळीपाळीने. जेवणाआधी खुर्चीचा व्यायाम, जेवणानंतर माळेची प्रार्थना. शेजारी हिंदू, मुसलमान वृद्ध असतील तर त्यांनाही बोलवावे, प्रार्थनेच्या वेळी ते आपले नाव घेतील. न आलेल्याची चौकशी त्याच दिवशी व्हावी. उद्यावर ढकलू नये.

हाताला माती

शेतकऱ्याच्या हाताला माती नसेल तर त्याला आपण निरुपयोगी झालो असे वाटू लागते. म्हणून वाफा हवा. जमिनीवरचा वाफा म्हाताऱ्याच्या कमरेला झेपत नाही, तो उंच करावा. भाजी वाहून नेण्याचे जुने प्लास्टिकचे क्रेट बाजारात स्वस्त मिळतात. त्यांना आतून गोणपाट लावावे, म्हणजे माती गळत नाही आणि जादा पाणी निघून जाते. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत, अर्धा भाग भाताचे तूस. विटांचे खांब रचून क्रेट त्यांवर ठेवावेत. बसून काम करणाऱ्यास दोन फूट उंची पुरते, उभ्याने करणाऱ्यास अडीच-तीन फूट. भिंतीला लागून असेल तर रुंदी पावणेदोन फुटांपेक्षा जास्त नको, नाहीतर मागची रोपे उपटण्यास वाकावे लागते. दोन्ही बाजूंनी हात पोचत असेल तर साडेतीन फूट चालते. ओल्या मातीचे वजन फार असते, म्हणून गॅलरीच्या कठड्यावर किंवा पत्र्यावर क्रेट ठेवू नयेत. इमारतीच्या तळाची, नळाजवळची जागा सर्वांच्या संमतीने घ्यावी.

मेथी पंचवीस-तीस दिवसांत काढता येते, पालक महिन्याभरात, कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. एक क्रेट दर आठवड्याला पेरला तर काढणी कधी थांबत नाही, आणि रोज खाली उतरण्याचे कारणही राहते. दोरीवर सुरती पापडीचा वेल चढवावा. शेंगा तोडताना हात डोक्यावर जातात, खांदे मोकळे होतात, उभे राहिल्याने पायही कामाला लागतात. पाणी बादलीने न घालता दोन लिटरच्या झारीने घालावे.

बियाणे राखण्याचे काम तर वृद्धांचेच. वेलाच्या मधल्या भागातील निरोगी, भरदार शेंगा राखून ठेवाव्यात, वेलावरच वाळू द्याव्यात, बी सावलीत सुकवून राखेत घालून मडक्यात ठेवावे. संकरित बियाण्याचे बी मात्र राखू नये, ते पुढच्या वर्षी तसे उगवत नाही. गावाकडची देशी वाणे कोसाडच्या मडक्यात जपली जातील आणि नातू ती गावी पेरतील, असे घडलेले आम्हांला पाहावयास आवडेल.

सावधगिरी एवढी घ्यावी: वृद्धांच्या हातची फवारणी पूर्ण बंद. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. उन्हाळ्यात काम सकाळी नऊच्या आत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात किंवा चिखलात अनवाणी उतरू नये, कारण उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस दक्षिण गुजरातेत दर पावसाळ्यात डोके वर काढतो. सुरत, नवसारी, वलसाड, तापी या जिल्ह्यांतील भात-ऊसवाल्यांना तो ठाऊक आहे. ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे, डोळे लाल किंवा पिवळे झाले तर घरचे उपाय न करता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सुरतेत नवी सिव्हिल आणि पालिकेचे स्मीमेर ही दोन मोठी रुग्णालये आहेत.

कागदपत्रांचे

सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेण्यासाठी कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली आहे. आधार कार्डावरून वयवंदना कार्ड काढून मिळते. गावी काढलेले कार्ड सुरतेतील योजनेच्या रुग्णालयात चालते. आजार येण्याआधीच ते काढून ठेवावे. अडचणीत, छळ होत असता किंवा नुसती माहिती हवी असता ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत दूरध्वनी आहे.

आता जमिनीचे. शहराकडे निघताना म्हातारे "सगळे तुझेच आहे" म्हणून सातबारा मुलाच्या नावे करून देतात. तसे करू नये असे आम्ही म्हणत नाही, पण २००७ च्या पालनपोषण कायद्याचे कलम २३ माहीत असावे. आईवडिलांची देखभाल करीन या अटीवर मिळकत घेतली आणि मग देखभाल केली नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने झालेला मानून प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरण तो रद्द करू शकते. मात्र अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहिलेली असणे इष्ट, तोंडी वचनावर भांडत बसावे लागते. याच कायद्याने न्यायाधिकरण मुलांना दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत पोटगी देण्यास लावू शकते, आणि दर जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम सरकारने उभारावा असेही त्यात म्हटले आहे. वृद्धाश्रमात जावे लागणे ही त्या माणसाची बदनामी नव्हे. ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी तो हक्क आहे. पण ज्याला तीन मुलगे आहेत त्याची गोष्ट निराळी, आणि ती गोष्ट धर्मगुरूंच्या कानावर घालण्यास कोणी लाजू नये.

पहिल्या दिवशी जमाल तेव्हा एक काम आवर्जून करा. प्रत्येकाने आपल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत आणावी. धर्मग्रामात कोणी नर्स किंवा औषधविक्रेता असेल तर त्याने त्या एकेक पाहाव्यात. गावच्या डॉक्टरांनी दिलेली आणि सुरतेच्या डॉक्टरांनी दिलेली, वेगळ्या नावाची पण एकच रक्तदाबाची गोळी माणूस दोनदा घेत असतो, आणि चक्कर येते म्हणून तिसरी मागत असतो. अशी जोडी सापडली तर स्वतःच्या मनाने बंद करू नये. दोन्ही पाकिटे घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. जिना उतरण्यास सोबत लागत असेल तर शेजारच्या इमारतीतील दोन तरुणांना आधीच सांगून ठेवावे.